उजळणी कोणाच्या वाट्याला? शंभरातील ब्याऐंशी मुले आणि उन्हाळ्याची सुट्टी

जयंती झाली. भडकल गेटवरची गर्दी ओसरली, निळे झेंडे घड्या घालून विहाराच्या कपाटात गेले. परीक्षा संपल्या, निकाल लागले आणि आपल्या शहरातील वस्त्यांमध्ये पोरांना उन्हाळ्याची सुट्टी लागली. आता जूनच्या मध्यापर्यंत सुमारे सहा आठवडे पाटी-दप्तर कोपऱ्यात पडून राहणार.

आम्ही काही कार्यकर्ते मे महिन्यात आमच्या वस्तीतील बुद्धविहारात संध्याकाळी तासभर मुलांना घेऊन बसतो. सुरुवात केली ती जून महिन्यातील एका अनुभवावरून. मार्चमध्ये आमच्यासमोर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणारा सहावीतला मुलगा शाळा उघडल्यावर तेच गणित पाहून डोके खाजवत बसला. हातचा घ्यायचा की द्यायचा, हेच त्याला आठवेना. त्याची आई म्हणाली, "जाऊ द्या दादा, आपल्या पोरांना गणित जमतच नाही."

मित्रांनो, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. अनेकांनी स्वतः म्हटलेही आहे. आमचे म्हणणे असे की हे वाक्य त्या माउलीचे नाही. शेकडो वर्षे ज्यांच्या हातात हिशोबाची वही होती, त्यांनी ते आपल्या तोंडी घातले आहे. म्हणून सुट्टीत मुलांचे गणित कसे टिकवायचे हा प्रश्न आम्हाला केवळ पालकांचा वाटत नाही. तो चळवळीचा प्रश्न आहे आणि त्याला इतिहास आहे.

१२ मार्च १९२७

महाडच्या चवदार तळ्याचा दिवस, २० मार्च १९२७, आपल्या लहान पोरांनाही पाठ असतो. पण त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत बोलायला उभे राहिले होते. हे भाषण आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे?

त्या भाषणात भावनिक आवाहन फारसे नाही. आकडे आहेत. सरकार शिक्षणावर माणशी फक्त १४ आणे खर्च करते आणि दारूवरील अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त गोळा करते, हे त्यांनी मांडले. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेत प्रगत हिंदूंची ११९ मुले आहेत आणि मागासवर्गीयांची १८, हे दाखवले. आहे याच वेगाने गेलो तर शाळेच्या वयाच्या सगळ्या मुलांना शिक्षणाखाली आणायला मुलग्यांच्या बाबतीत ४० आणि मुलींच्या बाबतीत ३०० वर्षे लागतील, असे त्यांनी सभागृहाला ऐकवले.

आणि मग तो आकडा, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात.

'पुन्हा' हा शब्द नीट ऐका. ही मुले शाळेत गेलीच नव्हती, असे नाही. ती गेली होती. त्यांनी अंक गिरवले होते, बेरीज शिकली होती. शिकलेले टिकले नाही. बाबासाहेबांनी तिथे प्राथमिक शिक्षणाचा हेतूच सांगितला की मूल साक्षर होऊनच शाळेबाहेर पडावे आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहावे. दाखल होणे वेगळे आणि टिकणे वेगळे, हा फरक त्यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी आकड्यात मांडला. ते आकडे मुंबई इलाख्याचे होते. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि इथल्या शिक्षणाची स्थिती त्याहून बिकट होती.

वही कोणाच्या हातात होती?

शिकलेले एका घरात टिकते आणि दुसऱ्या घरात विरून जाते. असे का होते? मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे, उजळणी. तांब्याचे भांडे वापरले नाही तर काळे पडते, चिंच-मीठ लावून घासले की उजळते. पाढ्यांचेही तसेच. पंतोजींच्या शाळेत मुले रोज एका सुरात उजळणी म्हणत. दोन ते तीसचे पाढे, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचेसुद्धा पाढे. शेर-पायली, रुपये-आणे आणि व्याजाचा हिशोब तोंडी करता यावा म्हणून ही तयारी होती. ती कुलकर्ण्याच्या आणि सावकाराच्या मुलासाठी होती. शाळेतून घरी आला तरी त्याच्या कानावर तोच हिशोब पडे. त्याची उजळणी कधी थांबतच नव्हती.

आपल्या बापजाद्यांचे काय? गावचा सारा तालुक्याच्या खजिन्यापर्यंत पोहोचवण्याचे काम महाराकडे होते. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष लागे. रक्कम त्याने वाहून न्यायची, शिवेचे दगड त्याने राखायचे, पण किती जमा झाले आणि कोणाच्या नावावर, हे वहीत लिहिणारा दुसराच. पंतोजीच्या शाळेत तर आपल्याला जागा नव्हतीच. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनेही एका महार मुलाला प्रवेश नाकारला.

शेतकऱ्यांचीही वेगळी गत नव्हती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून सावकारांविरुद्ध जे उठाव झाले, त्यात लोकांनी मुख्यतः कर्जरोखे आणि खतपत्रे काढून जाळली. ज्या कागदावर आपण अंगठा दिला आणि ज्यावर काय लिहिले ते आपल्याला वाचता येत नाही, तो कागदच त्यांना शत्रू वाटला. १८७९ च्या कायद्याने सावकाराने पावती द्यावी, हिशोबाचा उतारा द्यावा, अशी तरतूद केली. पण ज्याला बेरीज येत नाही त्याच्या हातात उतारा ठेवून काय होणार?

तात्यासाहेबांनी म्हणजे जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. १८५५ साली त्यांनी कष्टकऱ्यांसाठी आपल्या घरी रात्रशाळा काढली, कारण दिवसा कामावर जाणाऱ्याला दिवसाची शाळा कामाची नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे त्यांनी सांगितले, तेव्हा मोडी आणि बाळबोध लिहिण्या-वाचण्याच्या बरोबरीने त्यांनी हिशोब मागितला. इतिहास, भूगोल, व्याकरण, शेती, नीती, आरोग्य हे त्यानंतर.

फळा आणि घर

एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग तुम्हाला ठाऊक असेल. शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला, कारण सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. डबे हलवले गेले, तेव्हा कुठे भीमरावांना खडू धरता आला. आपण हा प्रसंग अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून सांगतो. ते बरोबरच आहे. पण आपल्या मुलाचा आणि गणिताच्या फळ्याचा संबंध कसा सुरू झाला, तेही त्यात आहे. फळ्याकडे जाणे हेच मुळात अपमानाला सामोरे जाणे होते.

मग भीमराव टिकले कसे? घरी रामजी सुभेदार होते. लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेला बाप. परळच्या चाळीतील एका खोलीत, मुलगा लवकर झोपावा आणि पहाटे दोनला उठून अभ्यास करावा म्हणून त्याला उठवायला जागा राहणारा बाप. शाळेने जे हिसकावले ते या घराने भरून काढले. तरीही १९०७ साली मॅट्रिकला भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. पुढे याच माणसाने कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. 'आपल्या पोरांना गणित जमत नाही' म्हणणाऱ्यांनी २८२ हा आकडा लक्षात ठेवावा. एका परीक्षेतले गुण मुलाची कुवत ठरवत नाहीत.

पण प्रत्येक घरात रामजी सुभेदार नसतात. हे बाबासाहेबांइतके कोणाला कळणार? म्हणून त्यांनी संस्था उभ्या केल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, जिथे नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळी वर्ग भरत. आणि १९५० साली आपल्या या शहरात महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या ज्या मुलाच्या घरी दिवा नव्हता, अभ्यासाला कोपरा नव्हता, त्याला ते वसतिगृह म्हणजे अभ्यासाचे घर होते.

नावही बघा. मिलिंद हा राजा प्रश्न विचारणारा आणि भिक्खू नागसेन उत्तरे देणारे. शंका विचारणे हा उद्धटपणा नव्हे, ज्ञानाची ती सुरुवात आहे, असे सांगणारे नाव बाबासाहेबांनी निवडले.

नागसेनवनाने आपल्याला कवी, लेखक, प्राध्यापक, वकील दिले. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण एक गोष्ट आपल्यातच बोलली पाहिजे. कविसंमेलनाला आपण जेवढी दाद देतो, तेवढी गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीला देतो का? जयंतीच्या मंचावर भाषणाची स्पर्धा असते, गाण्याची असते. गणिताची का नसते?

आकड्यांचे राजकारण

काही मित्र म्हणतील, ही पालकांची काळजी झाली, यात चळवळ कुठे आली? त्यांना आम्ही १३ पॉइंट रोस्टरची आठवण करून देतो.

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी पत्र काढले आणि प्राध्यापक भरतीतील आरक्षण मोजायचे एकक विद्यापीठाऐवजी विभाग केले. एका ओळीचा बदल. टक्केवारी तीच, १५, ७.५ आणि २७. मग बिघडले काय?

हे गणित सहावीच्या मुलाला घालून बघा. एका विद्यापीठात ५ विभाग आहेत आणि प्रत्येकात ६ जागा. एकूण ३०. विद्यापीठ हे एकक धरले तर ३० चे १५ टक्के म्हणजे साडेचार, म्हणजे अनुसूचित जातींना ४ जागा. आता विभाग हे एकक धरा. १०० ला १५ ने भागले की ६.६७ येतात, म्हणजे अनुसूचित जातीची पहिली जागा सातव्या क्रमांकावर. १०० ला ७.५ ने भागले की १३.३३, म्हणजे अनुसूचित जमातीची पहिली जागा चौदाव्या क्रमांकावर. पण विभागात जागाच ६ आहेत. पाचही विभागांची पहिली भरती पूर्ण झाली तरी अनुसूचित जाती शून्य, अनुसूचित जमाती शून्य. चार जागा एका भागाकारात गेल्या.

ज्यांना हे कळले ते रस्त्यावर उतरले. ५ मार्च २०१९ रोजी भारत बंद झाला, ७ मार्चला अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा होऊन पुन्हा संस्था हे एकक ठरले. ही लढाई आपण जिंकलो, कारण आपल्यातल्या काही जणांनी बिंदूनामावली घेऊन बसून भागाकार केला होता. उद्याची अशी लढाई लढणारी मुले आज सुट्टीत आहेत आणि भागाकार विसरत आहेत.

सुट्टी सगळ्यांची सारखी नसते

सुट्टीत विसरणे ही कोण्या एका समाजाची खोड नाही. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ३९ अभ्यास एकत्र तपासले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचे सरासरी सुमारे महिनाभराचे शिक्षण पुसले जाते आणि वाचनापेक्षा गणिताचे नुकसान जास्त होते, असे त्यांना दिसले. कारण सरळ आहे. गोष्टीचे पुस्तक, दुकानाची पाटी, मोबाइल यांतून वाचन आपोआप होते, भागाकार कोणी आपोआप करत नाही. बाल्टिमोर शहरातील एका दीर्घ अभ्यासाने वाचनाबद्दल आणखी पुढची गोष्ट सांगितली. गरीब आणि सुखवस्तू मुलांमधली दरी बरीचशी उन्हाळ्यात वाढते, शाळा चालू असताना नाही. अलीकडे काही संशोधकांनी त्या जुन्या चाचण्यांच्या पद्धतीवर शंका घेतल्या आहेत, म्हणून त्यांचा प्रत्येक आकडा आम्ही दगडावरची रेघ मानत नाही.

पण आपल्याकडचा पुरावा जवळचा आहे. कोविडमध्ये शाळा बंद असताना अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतील १६,०६७ मुलांची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. २०२१ मध्ये आलेला निष्कर्ष असा की ८२ टक्के मुले आदल्या वर्षी येत असलेले गणितातील किमान एक कौशल्य विसरली होती.

पुन्हा ८२! १९२७ चे ८२ आणि २०२१ चे ८२ एकाच मापाने मोजलेले नाहीत, आकडा जुळणे हा योगायोग आहे. पण दोन्ही आकड्यांमागची गोष्ट एकच आहे. शाळेचा हात सुटला की घरात ज्याला धरायला कोणी नाही, ते मूल मागे घसरते.

आणि मराठवाड्यात तर सहा आठवड्यांची सुट्टी ही चैन वाटावी अशी मुले आहेत. ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. बरोबर गेलेली मुले अर्धे वर्ष उसाच्या फडात असतात आणि गावी येतात तेव्हा शाळेला सुट्टी लागायची वेळ झालेली असते. या मुलांच्या आईबापाचा सगळा संसार एका गणितावर उभा आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, तोडलेले टन किती, फिटले किती, उरले किती. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला सुमारे २७३ रुपयांचे ३६६ झाले. समजा एका जोडप्याने एक लाखाची उचल घेतली. जुन्या दराने ती फिटायला सुमारे ३६६ टन ऊस तोडावा लागे, नव्या दराने सुमारे २७३ टन. आकडे उलटेपालटे छापलेत असे वाटेल, पण गुणाकार करून पाहा. दिवसाला दोन टन धरले तर सुमारे १८३ दिवसांचे १३७ झाले. हा ४६ दिवसांचा फरक ज्या घरातील मुलीला काढता येईल, त्या घराला मुकादमाच्या वहीसमोर मान खाली घालून बसावे लागणार नाही.

विहारात एक तास

मग करायचे काय? आम्ही जे करतो ते सांगतो. यात काही थोर नाही आणि पैसाही लागत नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर एक तास, आठवड्यातून पाच दिवस. नवा धडा शिकवायचा नाही. गेल्या वर्षी शिकलेले हातातून जाऊ द्यायचे नाही, एवढेच उद्दिष्ट. पहिली पंधरा मिनिटे पाढे, सुरात. पावकी-निमकीसुद्धा. ती कोणाच्या बापाची मालमत्ता नाही, आता आपली मुले म्हणतात. पण नुसते पाठांतर नको. पाव पट म्हणजे काय ते भाकरीचे चार तुकडे करून आधी दाखवायचे. पुढची पंधरा मिनिटे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार मिसळून दहा उदाहरणे, म्हणजे कोणती क्रिया करायची हेही मुलाला स्वतःच ठरवावे लागते. काल चुकलेले गणित आज पुन्हा, आणि चार दिवसांनी आणखी एकदा.

उरलेला अर्धा तास जगण्यातली गणिते. टँकर किती लिटरचा, गल्लीत घरे किती, प्रत्येकाच्या वाट्याला किती हंडे? नाथसागरात किती टक्के पाणी उरले ते वर्तमानपत्रात येते. आठवडाभराचे आकडे लिहा आणि आलेख काढा. विजेच्या बिलातले युनिट, रेशनचे धान्य माणशी किती किलो. आठवीची मुलगी पाचवीच्या मुलाला शिकवते, त्यात दोघांचीही उजळणी होते. मुलींच्या आयांना आधीच भेटून सांगावे लागते की हा तास पाण्याचा किंवा भांड्यांचा नाही. आणि चुकले म्हणून कोणाला हसायचे नाही. विहारातल्या फळ्यामागे डबे नाहीत.

एक काम थोडे धाडसाचे आहे. यंदाच्या जयंतीच्या वर्गणीचा हिशोब आठवी-नववीच्या मुलांकडे द्या. पावत्या मोजू द्या, मंडप, ढोल, भोजनदान यांचा खर्च मांडू द्या, शिल्लक काढू द्या आणि तो कागद विहाराच्या भिंतीवर लावा. काही कार्यकर्त्यांना हे आवडणार नाही. त्यांनी स्वतःला विचारावे की आपण सरकारकडे अनुसूचित जाती उपयोजनेचा हिशोब मागतो, मग आपला का देऊ नये?

एक आक्षेप नेहमी येतो. हे काम शाळेचे आणि शासनाचे, आपण का त्यांची जबाबदारी अंगावर घ्यायची? आक्षेप चुकीचा नाही. साखरशाळा, वसतिगृहे, पुरेसे शिक्षक हे शासनानेच दिले पाहिजेत आणि ते मागत राहिले पाहिजे. पण मागायला आकडे लागतात. मेच्या पहिल्या आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या वस्तीतील प्रत्येक मुलाला तीच दहा उदाहरणे द्या. कोण टिकले, कोण घसरले, ते लिहून ठेवा. तो तक्ता घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांसमोर बसा. बाबासाहेब १९२७ साली कायदेमंडळात याच पद्धतीने बोलले होते.

दुसरा आक्षेप, मुलांना सुट्टीत खेळू द्या. जरूर खेळू द्या. बाकीचे तास त्यांचेच आहेत. पैसेवाल्यांची मुले याच मे महिन्यात अबॅकसच्या वर्गाला आणि शिबिरांना जातात आणि खेळतातही. आमचे मागणे एका तासाचे आहे.

२०२७ साली महाडच्या संग्रामाला शंभर वर्षे होतात. आपण २० मार्चला लाखोंनी तळ्यावर जाऊ. त्याच्या आठ दिवस आधी, १२ मार्चला, त्या भाषणालाही शंभर वर्षे होतील. त्या दिवशी आपल्या वस्तीतील चौथीच्या सगळ्या मुलांना विहारात बोलवा आणि एक भागाकार घाला. किती जणांना आला ते मोजा. शंभरात अठरा की शंभरात शंभर, हे आपण या मे महिन्यात काय करतो त्यावर ठरेल.

जय भीम.